पेशंटला आत पाठवा

सरांनी मला कधीही माझ्या नावानं हाक मारली नाही. मी सांगवीची, म्हणून मी 'सांगवी'. काउंटरवर बसणारी मुलगी सोमेश्वरनगरची, म्हणून ती 'सोमेश्वर'. "सांगवी, टेबल खाली घे. सोमेश्वर, पुढचं कोण?" असा आमच्या बारामतीच्या सीटी स्कॅन सेंटरचा कारभार चालायचा. पेशंटांनाही तोच न्याय. सर स्वतः दारात येऊन "डाळज आलंय का, डाळज?" म्हणून ओरडायचे आणि एका गावची दोन माणसं बाकावरून उठली की त्यांना कोण आनंद व्हायचा. मग त्या दोघांचं नातं काय, भावकी कुठली, बांध कुणाचा कुणाला लागून, हे सगळं निघायचं. तोवर मशीन रिकामं आणि मी आत दात-ओठ खात उभी.

सर रेडिओलॉजिस्ट होते, म्हणजे फोटो वाचणारे डॉक्टर. घर इंदापूरला. तिथं त्यांचं सोनोग्राफीचं लहानसं क्लिनिक होतं आणि आठवड्यातले निम्मे दिवस ते आमच्याकडे बारामतीला असत. मी मशीन चालवायचे आणि ते चित्रं वाचायचे. मशीनला गार हवा लागते, त्यामुळे आमच्या खोलीत बारा महिने थंडी. सर भर मे महिन्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून बसत. एकदा एका पेशंटच्या जावयानं त्यांना वॉचमन समजून "गाडी कुठं लावू?" असं विचारलं. सर उन्हात गेले, हात हलवत हलवत त्याला गाडी मागं घ्यायला लावली, लिंबाखाली नीट उभी करून दिली आणि आत येऊन त्याच्याच सासऱ्याचा स्कॅन उघडून बसले. जावई रिपोर्ट घ्यायला आत आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सर म्हणाले, "निघताना उजवीकडनं घ्या, डावीकडं खड्डा हाय."

सगळे डॉक्टर स्कॅन वरून खाली बघतात. सर खालून वर बघायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "वरनं सुरू केलं की खाली येईस्तोवर माणूस कंटाळतो. आणि आपल्याकडच्या लोकांचं दुखणं लाजेपायी खालीच लपलेलं असतं." दुसरी खोड म्हणजे पेशंटसोबत आलेली डॉक्टरची चिठ्ठी ते आधी वाचत नसत. आधी चित्रं, मग चिठ्ठी, मग परत चित्रं. चिठ्ठी आधी वाचली की डोळ्यांना चिठ्ठीतलंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. 'नॉर्मल' या शब्दाशी तर त्यांचं उभं वैर होतं. "नॉर्मल लिहिणं म्हणजे मी नीट बघितलं नाही असं कबूल करणं," असं म्हणून ते धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडाचंही असं वर्णन करत की वाचणाऱ्याला वाटावं, स्थळ सांगून आलंय.

करदोड्याचंही एक प्रकरण असायचंच. कमरेच्या भागाचा स्कॅन करायचा तर अंगावर धातू चालत नाही, चित्रात पांढऱ्या रेघा उठतात. आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला चांदीचा करदोडा सोडा म्हणणं म्हणजे 'आता तुम्ही मेलात' असं तोंडावर सांगणं, कारण तो उतरवतात ते थेट सरणावर. मी आपली मशीनची भाषा बोलायचे, ते करदोडा मुठीत धरून बसायचे आणि वादावादी व्हायची. सर आले की मात्र काम सोपं. "सोडू नगा, आबा. सोडायचा न्हायच. नुसता गुडघ्यापतूर सरकवा. अंगावर हाय का न्हाय? हाय. मंग झालं." आणि स्वेटर वर करून स्वतःच्या कमरेचा काळा गोफ दाखवायचे.

पण त्यांच्या ज्या सवयीनं आम्हा सगळ्यांना जेरीस आणलं होतं, ती वेगळीच. त्यांना नातेवाईक नको असत. म्हणजे माणूस म्हणून हवे असत, चहा पाजायचे, पण पेशंटची माहिती त्यांच्याकडून घ्यायला ते तयार नसत. "नातेवाईक बाहेर. पेशंटला आत पाठवा." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी नुसतं 'नातेवाईक' म्हटलं तरी पुढचं माझ्या तोंडावर येतं. आत घेऊन ते विचारायचे काय, तर शेतात काय लावलंय, पाणी कुठल्या फाट्याचं, जनावरं किती, मुलगी कुठं दिली. बाहेर बाक भरलेला. सोमेश्वर काचेतून माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. मी मनात म्हणायचे, यांना डॉक्टर कुणी केलं, यांनी तलाठी व्हायला हवं होतं.

आणि आमच्याकडची रीत तर नेमकी उलटी. मोठा आजार निघाला की ज्याला झाला त्याला सोडून सगळ्यांना सांगतात. मुलगा, जावई, पुतण्या, सोसायटीचे चेअरमन, सगळे कोपऱ्यात घोळका करून कुजबुजतात, आणि मधे बाकावर आजारी माणूस एकटा, पिशवी मांडीवर घेऊन. "त्यांना काय बोलू नका मॅडम. मूळव्याध हाय म्हणून सांगितलंय." गुदाशयाच्या कॅन्सरचा जवळजवळ प्रत्येक पेशंट आमच्याकडे मूळव्याध घेऊन यायचा. रक्त पडतं म्हणून आधी झाडपाला, मग मलम, मग कुणाच्या ओळखीचं चूर्ण, आणि शेवटी एक सर्जन बोट घालून तपासतो आणि नातेवाइकांना आत बोलावतो.

डाळजचे आबा असेच आले. साठीच्या आतबाहेरचे, पेरूची बाग असलेले, अंगानं काटक. बारामतीच्या सर्जननी दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला होता आणि तो कॅन्सर निघाला होता. आता सीटी स्कॅन हवा होता तो आजार किती पसरलाय हे कळायला. सगळं त्यावरच ठरतं. गाठ जागच्या जागी असेल तर आधी किरणं आणि औषधं देऊन ती आक्रसवायची आणि मग ऑपरेशन करून काढून टाकायची, माणूस बरा होण्याची चांगली आशा. ती लिव्हरमध्ये, फुप्फुसात जाऊन बसली असेल तर मग वाट वेगळी आणि खडतर. आबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या थोरल्या मुलानं, बापूनं, फॉर्मवर सगळी उत्तरं दिली. आधीचे आजार? काही नाही. आबांना मी टेबलावर झोपवलं, शिरेतून औषध सोडताना "अंग गरम होईल, घाबरू नका" म्हटलं, तर म्हणाले, "बरं वाटतंय की. तुमच्या खोलीत लई गारठा."

सर त्या दिवशी इंदापूरला होते. अशा वेळी चित्रं कॉम्प्युटरवरून बाहेरगावच्या एका डॉक्टरांकडे जात आणि ते रिपोर्ट पाठवत. रिपोर्ट आला. आतड्याची गाठ होतीच, शिवाय लिव्हरमध्ये एक ठिपका. गाठीचंच बी तिथं रुजलं असण्याची शक्यता, असं त्यांनी लिहिलं होतं. सर्जननी बापूला बसवून सांगितलं की हे खरं असेल तर गोष्ट अवघड आहे, पुण्याला मोठ्या डॉक्टरांचं मत घेऊ. बापूच्या कानांनी 'लिव्हर' ऐकलं आणि तिथंच ते बंद झाले. घरी भावकी बसली आणि ठरलं की आता म्हाताऱ्याला कापाकापी नको, पुणं नको, असतील ते दिवस सुखानं घरी काढू दे. आबांच्या बाबतीत सगळं ठरलं होतं आणि आबा शेजारच्या खोलीत सुरणाची भाजी खात होते.

दुसऱ्या दिवशी बापू फिल्म न्यायला आमच्याकडे आला. सर आले होते. दुसऱ्यांनी दिलेला प्रत्येक रिपोर्ट ते सकाळी स्वतः पुन्हा बघत, आणि आबांचा स्कॅन त्यांच्यापुढे उघडाच होता. बापूला त्यांनी आत बोलावलं.

"तुमच्याकडं मेंढरं हायती का?"

बापू गोंधळला. "न्हाय साहेब. आमी बागायतदार. पेरू हाय, थोडा ऊस हाय."

"कुत्रं?"

"न्हाय. साहेब, रिपोर्टात अजून काय निघालं का?"

"पेशंट कुठाय?"

"गाडीत बसवलंय. रक्त पडतंय त्याचं इंजेक्शन घ्यायचंय म्हणून आणलं." बापूनं हात जोडले. "साहेब, आता पुढं काय करायचं न्हाय असं काल घरी ठरलंय. त्यांना काय सांगू नका. ते धसका घेतील."

"धसका तुमी घेतलाय, बापू," सर म्हणाले. "त्यांना आत पाठवा."

बापू दारात आडवा उभा राहिला. दांडगा माणूस, पण डोळे रडून सुजलेले. मला त्याची दया आली आणि खरं सांगायचं तर सरांचा रागही आला. ज्याच्या घरावर आभाळ कोसळलंय त्याला हे मेंढरांचे प्रश्न विचारतायत. सरांनी टोपी सारखी केली, बापूच्या हाताखालून वाकून बाहेर पडले आणि स्वतःच आबांना हाताला धरून घेऊन आले.

मग आमचं नेहमीचं पुराण सुरू झालं. बागेत झाडं कुठल्या जातीची? पेरूच्या आधी काय होतं? ऊस. उसाच्या आधी? आबांना कुणीतरी विचारतंय हेच खूप झालं होतं, ते खुर्चीत ऐसपैस बसले.

"उसाच्या आदी कुठलं पानी? समदी जिरायत. जवारी आन करडई."

"खत काय घालायचा?"

"खताला मेंढरं बसवायचो की. दरसाल मेंढके यायचे, आमच्याच वावरात उतरायचे. पोरगा तवा जल्मला बी नव्हता." त्यांनी बापूकडं हनुवटी केली. "एका साली जाताना पिल्लू दिलं मला. भुऱ्या. काय कुत्रं हुतं, डाक्टरसाहेब! माज्या ताटात जेवायचं. माज्या अंथरुणात निजायचं. आई माजी शिव्या घालायची."

सर पुढं झुकले. मी त्यांना एवढं खूश एकदाच बघितलं होतं, एका बाकावर डाळजची चार माणसं निघाली तेव्हा.

"आबा, झोपा हितं. पोट बगू द्या."

त्यांनी स्वतः सोनोग्राफीचं मशीन ओढून घेतलं. आबांच्या बरगडीखाली जेल लावून ते बराच वेळ एकाच जागी प्रोब धरून राहिले, तिरका केला, सरळ केला, आबांना श्वास धरायला लावला, सोडायला लावला.   मग ते म्हणाले, "सांगवी, हिकडं ये. बघ."

ठिपक्याच्या कडेला अंड्याच्या टरफलासारखी पांढरी रेघ होती आणि आत चुरगळलेल्या पडद्याच्या घड्या. त्यांनी मला आणि बापूला एकदमच समजावलं. मेंढरांच्या आतड्यावर वाढलेल्या कुत्र्यांच्या पोटात एक किडा असतो. त्याची अंडी हाताला, ताटाला लागून माणसाच्या पोटात जातात आणि लिव्हरमध्ये पाण्याचा फुगा धरतात. पुष्कळदा तो फुगा काही त्रास न देता पडून राहतो, मरतो आणि त्याच्यावर चुना चढतो. आबांचा बहुतेक तोच होता, बापूपेक्षाही वयानं मोठा.

"मंग त्या डाक्टरनं चुकीचं लिवलं?" बापूचा आवाज चढला.

"चुकीचं न्हाय. ह्या गाठीचं बी पसरलं तर ते बी कवा कवा असंच चुना धरून दिसतं. मलाबी नुसती चित्रं बघून न्हाय सांगता आलं. तुमाला विचारलं, तुमी म्हणला कुत्रं न्हाय." सर जेल पुसत होते. "त्या डॉक्टरला आबा भेटले न्हाईत, येवढंच."

आबा पोट उघडं टाकून हे सगळं ऐकत होते. उठून बसले. "कसली गाठ?"

बापूनं मान खाली घातली. सरांनी स्टूल ओढलं, आबांच्या समोर बसले आणि सांगितलं. आजाराचं नाव घेऊन सांगितलं. कॅन्सर. एका फिल्मच्या पाकिटावर पेननं चौकोन काढला. हे तुमचं आतडं म्हंजे वावर, ही गाठ, हा बांध. गाठ बांधाच्या आत हाय का बांध कोरून शेजारी गेली, हे बघायला एमआरआय काढावा लागंल, सीटीत बांध पुसट दिसतो. सीटी सगळ्या गावातनं फिरून येतं, दुसरीकडं कुठं उगवलंय का बघतं. माझ्या मतानं कुठं उगवलं न्हाय. पण माझ्या एकट्याच्या मतावर जाऊ नका, रक्त तपासू, पुण्याच्या डॉक्टरला दाखवू. किरणं घ्यावी लागतील, ऑपरेशन करावं लागंल, काही महिने संडासला पोटावर पिशवी लावावी लागंल.

मी भिंतीला टेकून उभी होते. आता हा माणूस कोसळणार, आणि मग सर काय करणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आबांनी शर्टाची बटणं लावली. सगळी लावली. मग मुलाकडं वळले.

"म्हंजी मला मूळव्याध न्हाय?"

बापूनं मान हलवली.

"आन इतकं दिस मला दोन टाइम सुरण घातलं व्हय रं? मूळव्याधीवर चांगला म्हणून? अरं, घसा सोलून निघाला माजा!"

सर हसले. मग आबा हसले. आणि बापू तिथंच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. आबा वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं आबांनीच विचारलं, आता हसू गेलेलं होतं, "डाक्टरसाहेब, मरतो का मी ह्येच्यात?"

"कवातरी तुमीबी मरणार, मीबी मरणार. ह्येच्यात मरायचं का न्हाय, त्याला अजून इलाज हाय. काल तुमच्या घरच्यांनी न्हाय म्हणून टाकलं हुतं. मी म्हणतो, तुमी सांगा."

"मला कुनी इचारलंच न्हाय," आबा म्हणाले. "करू की आपरेशन."

सरांनी लगेच सर्जनना फोन लावला. ते भले माणूस, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आबांना स्वतः पुण्याला पाठवलं. रक्ताचा रिपोर्ट सरांच्या बाजूनं आला, एमआरआयही. लिव्हरमधला तो ठिपका भुऱ्याचाच होता आणि गाठ बांधाच्या आत होती. आबांनी किरणं घेतली, गोळ्या घेतल्या, अंगातलं मांस गेलं. ऑपरेशन झालं. पिशवीचा त्यांना फार संकोच वाटायचा, माणसांत येईनात. सर इंदापूरला जाता-येता वाट वाकडी करून डाळजला जायचे आणि बागेत त्यांच्याशी पेरूच्या छाटणीवरून भांडायचे. सरांना छाटणीतलं काडीचं कळत नव्हतं. पण त्यांनी काही चुकीचं म्हटलं की आबा उठून, पिशवी सांभाळत, झाडापाशी जाऊन दाखवायचे, आणि सरांना तेवढंच हवं असायचं. काही महिन्यांनी पिशवीही निघाली.

पुढं सरांनी बारामतीला यायचं थांबवलं. दिवसभर स्क्रीनकडं बघणं डोळ्यांना सोसेना. आता ते इंदापूरला घरीच असतात. आमच्याकडे नवीन डॉक्टर आलेत, हुशार आहेत, भराभर वाचतात, वरून खाली. ते मला नावानं हाक मारतात आणि पहिले काही दिवस मी ओ द्यायलाच विसरायचे.

परवा आबा तपासणीच्या स्कॅनला आले होते. लिव्हर, फुप्फुसं, सगळं स्वच्छ. हे सांगायला मी सरांना फोन केला. ते "बरं झालं" म्हणाले आणि ठेवणार होते. मी म्हटलं, "थांबा सर, खरी गोष्ट पुढंच आहे."

काउंटरवर सोमेश्वरनं नेहमीसारखं बापूकडं बघून विचारलं, "पेशंटला काय त्रास?" बापू म्हणाला, "त्यांनाच इचारा," आणि लांब जाऊन बसला. आबा पुढं झाले आणि गच्च भरलेल्या हॉलमध्ये, आवाज जराही न दाबता म्हणाले, "क्यान्सर हुता. बसायच्या जागंचा. काढलाय." सगळा हॉल वळून बघायला लागला. आमच्याकडे हा शब्द असा कुणी मोठ्यानं बोलत नाही. समोरच्या बाकावर एक बाई होती, निरगुड्याकडची असावी. तिची माणसं कोपऱ्यात घोळका करून उभी होती, आणि ती एकटी, पदराखाली फिल्मचं पाकीट धरून. मुलगा तिला आवरायला पुढं झाला, तरी ती उठून आबांकडं आली आणि हळू विचारलं, "दादा, लई दुकतं का वं?"

आबांनी बाकावर सरकून तिला जागा केली. म्हणाले, "दुकतं की. पर बसा हितं, समदं सांगतो."

पलीकडं सरांनी सगळं ऐकून घेतलं. 

मग म्हणाले, "सांगवी, ती बसली का?"

"बसली, सर."